पाय कुणाचे, तोंड कुणाचं? : कल्पित प्राण्यांची वही करताना

हिंगणघाट तालुक्यातल्या अल्लीपूरच्या कोणत्याही मुलाला विचारा, रोही (नीलगाय) कशासारखा दिसतो? बहुतेक जण ‘घोड्यासारखा’ म्हणतील. लांब मान, खांद्याकडून मागे उतरत जाणारी पाठ, दौडण्याची ढब, सगळं घोड्याचंच वाटतं. पण पाऊस पडून गेल्यावर धुऱ्याच्या कडेला ओल्या काळ्या मातीत त्याचा माग पाहिला, की दोन भागांत चिरलेल्या खुराचा ठसा दिसतो. घोड्याच्या पायाला एकच अखंड खूर असतो. म्हणजे रोही घोड्याच्या नव्हे, गाय-म्हैस-काळविटाच्या घराण्यातला. नराच्या डोक्यावरची आखूड, कधीही न झडणारी शिंगंही तीच साक्ष देतात.

हीच नजर कल्पित प्राण्यांकडे वळवली तर मुलांच्या हाती मोठा खजिना लागतो. देवळाच्या भिंतीवरचे व्याल, किल्ल्याच्या दरवाजावरचा शरभ, कथेतला पंखांचा घोडा, कार्टूनमधला ड्रॅगन, मोबाइलवरचा पोकेमॉन, या सगळ्यांची मुलांना आवड असते. त्यातला प्रत्येक प्राणी कुठल्या ना कुठल्या खऱ्या प्राण्याचे अवयव घेऊन उभा असतो. तो कुणासारखा आहे हे ओळखून त्याला योग्य घरात बसवायचं, हे दिवाळीच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत कुठल्याही गावात करता येण्याजोगं काम आहे. लागतं काय? चार-पाच मुलं आणि प्रत्येकाला एक शंभर पानी वही, पेन्सिल, पट्टी.

शिक्षक, पालक आणि गावातल्या वाचनालयात मुलांना जमवणारे तरुण यांच्यासाठी हा लेख आहे. त्यात सांगायचं ते थोडक्यात असं : वर्गीकरणाचा एक नियम ठरवा, तो शेवटपर्यंत पाळा, आणि प्रत्येक उत्तर खऱ्या प्राण्याशी ताडून पाहा.

हे काम जुनं आहे

कल्पित प्राण्यांची खऱ्या प्राण्यांवरून विभागणी आपल्या शिल्पकारांनी फार पूर्वीच केली होती. ११व्या शतकातल्या परमार राजा भोजाच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या वास्तुशास्त्राच्या ग्रंथात व्यालाचे सोळा प्रकार दिले आहेत. हरीण, गिधाड, पोपट, कोंबडा, सिंह, शार्दूल, लांडगा, बकरा, गेंडा, हत्ती, डुक्कर, घोडा, रेडा, कुत्रा, माकड आणि गाढव अशी ती नावं. व्यालाचं अंग साधारणपणे सिंहाचं, मागच्या पायांवर उभं राहिलेलं. बदलतं ते तोंड. तोंड हत्तीचं असेल तर गजव्याल, घोड्याचं असेल तर अश्वव्याल. कारागिरांचा नियम असा एका ओळीत मावणारा होता, म्हणूनच दूरदूरच्या प्रांतांतल्या मंदिरांवरचे व्याल आजही ओळखता येतात.

दुसरं उदाहरण युरोपातलं. प्राण्यांच्या आणि वनस्पतींच्या आधुनिक वर्गीकरणाचा पाया घालणारा स्वीडनचा कार्ल लिनियस १७३५ साली जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरात गेला होता. तिथे ‘हायड्रा’ म्हणून सात तोंडांचा एक प्राणी मोठ्या कौतुकाने जपलेला होता आणि भलत्या किमतीला विकायला काढलेला होता. लिनियसने त्याचे दात आणि पंजे पाहिले. जबडे आणि पंजे मुंगसासारख्या बारक्या मांसाहारी प्राण्याचे, म्हणजे वीझलचे निघाले. अंगावर सापाची कातडी चिकटवलेली होती. हे जाहीर झाल्यावर त्या हायड्राला गिऱ्हाईक उरलं नाही. त्याच वर्षी निघालेल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’ या आपल्या ग्रंथात लिनियसने असे संशयास्पद प्राणी वेगळ्या रकान्यात टाकले.

याच्या उलटही घडलं आहे. ऑस्ट्रेलियातल्या प्लॅटिपसचं वर्णन जॉर्ज शॉ या इंग्रज शास्त्रज्ञाने १७९९ साली प्रसिद्ध केलं, तेव्हा बदकाची चोच कुणीतरी केसाळ जनावराला शिवली असावी अशी शंका त्याला स्वतःलाच आली होती. तो प्राणी मात्र खरा निघाला. हायड्रा खोटा आणि प्लॅटिपस खरा हे कळलं, ते अवयव एकेक करून तपासल्यामुळे. मुलांनाही तेच शिकवायचं आहे.

वहीत काय घ्यायचं, काय वेगळं ठेवायचं

सुरुवातीलाच वहीचे तीन भाग पाडा.

पहिला भाग कल्पित प्राण्यांचा. यात व्याल, मकर, गंडभेरुंड, शरभ, ड्रॅगन, पंखांचा घोडा, कार्टून आणि खेळांमधले प्राणी येतील.

दुसरा भाग देवतारूपांचा. वराह, नरसिंह, कामधेनू, गरुड, शेषनाग, जांबुवंत ही श्रद्धेची रूपं आहेत. त्यांच्या पानावर ‘कल्पित’ असं लिहू नका, ‘पुराणातलं रूप’ असं लिहा. निरीक्षणाची पद्धत मात्र तीच ठेवा. रामटेकच्या गडावर वाकाटककालीन वराहमूर्ती आहे. ती माणसाच्या धडावर वराहाचं मुख अशी नाही, अखंड रानडुकराच्या रूपात आहे. नरसिंहाच्या मूर्तीत धड माणसाचं आणि मुख सिंहाचं असतं. हा फरक वहीत टिपल्याने कुणाच्या श्रद्धेला धक्का लागत नाही. उलट शिल्पकाराने किती विचार केला होता ते मुलांना उमगतं.

तिसरा भाग नामशेष प्राण्यांचा. डायनासोर आणि ड्रॅगन मुलं एकाच पानावर काढतात. त्यांना सांगायला आपल्या शेजारीच पुरावा आहे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या वरोरा तालुक्यात पिसदुरा आणि डोंगरगाव इथे साडेसहा कोटी वर्षांहून जुन्या खडकांत डायनासोरची हाडं सापडली आहेत. डोंगरगावच्या लांब मानेच्या, पाला खाणाऱ्या डायनासोरला शास्त्रज्ञ ‘इसीसॉरस’ म्हणतात. ज्याचं हाड सापडलं तो नामशेष, ज्याचं फक्त चित्र आहे तो कल्पित, इतकं सांगितलं की पाचवीतल्या मुलालाही कळतं.

भूत, चकवा, हडळ यांना या वहीत जागा देऊ नका. त्यांचं ठरावीक शरीरच नसतं, त्यामुळे तपासायला काही हाती येत नाही.

पाहण्याचा क्रम

मुलांचं लक्ष आधी चेहऱ्यावर आणि रंगावर जातं. नेमक्या याच दोन गोष्टी चित्रकार सगळ्यात जास्त बदलतो. म्हणून पाहण्याचा क्रम पायापासून वर असा ठेवा.

१. पाय. खूर आहे की नखं? खूर अखंड असेल तर घोडा किंवा गाढव. चिरलेला असेल तर गाय, शेळी, हरीण, रोही, डुक्कर यांपैकी कुणीतरी. डुकराला मागच्या बाजूला आणखी दोन छोटी बोटं असतात आणि चिखलात तीही बऱ्याचदा उमटतात. नखांचे पाय असतील तर मांजरकुळ की श्वानकुळ ते पाहा. वाघ, बिबट, मांजर चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून त्यांच्या मागात नखांच्या खुणा नसतात. कुत्रा, कोल्हा, लांडगा यांच्या मागात त्या स्पष्ट दिसतात. पक्ष्याचा पाय असेल तर बोटं मोजा. बहुतेक पक्ष्यांची तीन बोटं पुढे आणि एक मागे असतं. पोपटाची दोन पुढे, दोन मागे असतात.

२. दात आणि चोच. चार लांब सुळे दिसले की बहुधा मांसाहारी. समोर छिन्नीसारखे दात असतील तर उंदीर, खार, साळिंदर यांचं कृंतक कुळ. हत्तीचे दोन्ही दात वरच्या जबड्यातून, सोंडेच्या दोन बाजूंनी येतात. रानडुकराचे सुळे तोंडाच्या कडेतून बाहेर येऊन वर वळतात. अणकुचीदार वाकडी चोच गिधाडाची, घारीची आणि पोपटाचीही असते. मग पोपटाची आखूड आणि जाड, गिधाडाची लांबट आणि मान जवळजवळ उघडी, अशा बारकाव्यांनी निर्णय करायचा.

३. शिंगं. फांद्या फुटलेली असतील तर ती चितळ-सांबरासारख्या हरणाची. ती भरीव हाडाची असतात आणि ठरावीक काळाने गळून पुन्हा येतात. फांद्या नसलेलं, बाहेरून पोकळ टोपणासारखं कवच असलेलं शिंग गाय, म्हैस, शेळी, काळवीट, रोही यांचं. नाकावर शिंग असेल तर गेंडा.

४. कातडी आणि पंख. केस, पिसं, खवले की ढालीसारखी हाडाची पाटी? पंख असतील तर ते पिसांचे आहेत की वटवाघळासारखे, लांब बोटांमध्ये ताणलेल्या पडद्याचे? ड्रॅगनची चित्रं काढणारे बहुधा वटवाघळाचे पंख देतात, पंखांच्या घोड्याला पक्ष्याचे.

५. शेपूट आणि पाठ. शेवटी केसांचा गोंडा असलेली शेपूट सिंहाची आणि गाईबैलांचीही. वाघाच्या शेपटीला गोंडा नसतो. पाठीवर वशिंड असेल तर देशी गाय-बैल. तान्ह्या पोळ्याला पोरं चाकांवरचे लाकडी नंदी मिरवत आणतात तेव्हा बघा, सुताराने बैलाचे बाकीचे तपशील कितीही सोपे केले असले तरी वशिंड सोडलेलं नसतं. प्राणी ओळखू यावा म्हणून कोणता अवयव ठेवलाच पाहिजे हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

नियम : अंगावरून घर, तोंडावरून नाव

आता नियम. धड आणि पाय ज्या प्राण्याचे, त्याच्या घरात कल्पित प्राणी बसवायचा. तोंड ज्याचं, त्यावरून त्याचं विशेषण ठरवायचं. पंख, शेपूट, जादाचं शिंग असं जे उरेल ते ‘जोड’ या रकान्यात लिहायचं. व्यालाच्या जुन्या नावांमागचा विचारही असाच आहे, त्यामुळे मुलांनी केलेली नोंद आणि शिल्पशास्त्रातलं नाव पुष्कळदा जुळतं.

प्रत्येक प्राण्याला एक पान द्या आणि त्यावर हे सहा रकाने आखा :

- नाव आणि तो कुठे पाहिला
- पाय व धड : खरा प्राणी कोणता
- तोंड : खरा प्राणी कोणता
- जोड : पंख, शेपूट, शिंगं इत्यादी
- पुरावा : कोणत्या खुणेवरून ठरवलं
- घर : सस्तन (जमल्यास मांजरकुळ, श्वानकुळ, कृंतक असं त्यातलं कुळही), पक्षी, सरपटणारे, उभयचर, मासे किंवा मिश्र

पाचवा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. ‘वाघासारखा दिसतो’ हा पुरावा होत नाही. ‘पंजा आहे, नखं आत वळलेली, शेपटीला गोंडा नाही, अंगावर पट्टे’ हा पुरावा. मुलाने पुरावा लिहिला नसेल तर पान अपुरं समजा आणि त्याला पुन्हा पाहायला पाठवा.

चार प्राणी जवळून

गजशार्दूल. चंद्रपूरच्या गोंडकालीन परकोटाच्या वेशींवर हत्तीवर मात करणारा सिंहासारखा प्राणी कोरलेला आहे. गोंड राजांचं हे चिन्ह. यात दोन वेगळे प्राणी आहेत आणि दोघांना दोन पानं द्यायला हवीत, हे मुलांना आधी सांगा. हत्ती हा खराच हत्ती. वरच्या प्राण्याचे पाय पाहा : पंजे आहेत. मान पाहा : आयाळ आहे. घर मांजरकुळाचं, जवळचा प्राणी सिंह. मग मोठ्या मुलांना पुढचा प्रश्न विचारा. विदर्भाच्या जंगलात वाघ तर होताच, मग कारागिराने सिंह का निवडला? आज आशियाई सिंह फक्त गुजरातेत गीरच्या परिसरात उरला आहे. सिंह कधी न पाहिलेल्या कारागिराने आधीच्या शिल्पांवरूनही सिंह घडवला असू शकतो. अशा वेळी आयाळीचे वळसे ठसा उठवल्यासारखे नेमके येतात, चेहरा खऱ्या सिंहापासून दूर जातो. कल्पित प्राणी कधी खऱ्या प्राण्यासारखा असतो, तर कधी आधीच्या शिल्पासारखा. हा फरक ओळखता आला की वही नुसती यादी राहत नाही, अभ्यास होते.

गंडभेरुंड. चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडाच्या दिल्ली दरवाजावर हा दुतोंडी पक्षी हत्ती आणि सिंहांच्या संगतीने कोरलेला आहे. हा गड जिच्या ताब्यात होता त्या वऱ्हाडच्या इमादशाहीचा संस्थापक फतहुल्ला इमादुल्मुल्क मूळचा विजयनगरच्या मुलखातला होता आणि गंडभेरुंड हे दक्षिणेत मानाचं चिन्ह. कर्नाटकच्या राज्यचिन्हातही तो आहे. नियम लावू या. पाय पक्ष्याचे, बोटांना शिकारी नखं. चोच वाकडी आणि टोकदार. घर पक्ष्यांचं, जवळचा प्राणी गरुड किंवा गिधाड. दोन डोक्यांचं काय? दोन डोक्यांची वासरं आणि साप कधीकधी जन्मतात, पण तो जन्मतःचा दोष असतो, जातीचा गुण नव्हे. म्हणून दुसरं डोकं ‘जोड’ रकान्यात जाईल. आकाराचीही अशीच गोष्ट. हत्तीला उचलणारा पक्षी कुठेच नाही, तरी त्यामुळे घर बदलत नाही. आकारावरून घर ठरवायचं नाही, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहून ठेवा.

मकर. गंगेचं वाहन म्हणून तो प्रसिद्ध आहे. वेरूळच्या २१ क्रमांकाच्या लेण्यात मकरावर उभी असलेली गंगा आहे. देवळात अभिषेकाचं पाणी बाहेर पडण्याच्या जागीही बऱ्याच ठिकाणी मकरमुख असतं. जबडा लांब, दातांची रांग उघडी, नाकाचा शेंडा सोंडेसारखा वर वळलेला, पाय आखूड आणि मागे माशासारखी किंवा पानाफुलांच्या नक्षीत विरघळलेली शेपूट. पाय आणि जबडा मगरीचे, म्हणून घर सरपटणाऱ्यांचं. तोंडाच्या रकान्यात ‘मगर, नाक हत्तीचं’ असं लिहा. शेपूट जोडमध्ये. इथे मुलांना मगर आणि सुसर यांतला फरक दाखवा. मगरीचा जबडा रुंद. सुसरीचा निमुळता, काठीसारखा, आणि नर सुसरीच्या नाकाच्या टोकावर घड्यासारखा फुगवटा. सोंडेसारखं वळलेलं नाक कोरताना कारागिराच्या मनात हा फुगवटा असेल का? मुलांनी आपलं मत पुराव्यासह लिहावं. एकच उत्तर बरोबर असा हट्ट नको.

कीर्तिमुख. दाराच्या उंबरठ्यावर किंवा मूर्तीच्या प्रभावळीच्या माथ्यावर नुसता चेहरा असतो : बटबटीत डोळे, वर शिंगं, सुळे, आणि खालचा जबडा बहुधा नसतोच. शिवाच्या आज्ञेवरून त्याने स्वतःचं शरीर खाऊन टाकलं अशी कथा आहे. म्हणजे नियमातली पहिलीच पायरी इथे अडते. मग ‘पाय व धड : नाही’ असं सरळ लिहायचं आणि तोंडावरून निर्णय करायचा. सुळे मांसाहारी प्राण्याचे, चेहरा सिंहाचा, शिंगं मात्र सिंहाला नसतात, म्हणून ती जोडमध्ये. नियम लागू होत नसेल तिथे ते मोकळेपणाने नोंदवणं हेसुद्धा चांगल्या वर्गीकरणाचं लक्षण आहे.

अडलं तर काय करायचं

वाद मिटत नसेल तर एक पायरी वर चढा. पोकेमॉनमधल्या पिकाचूवरून मुलांत हमखास जुंपते. खेळातच त्याला उंदराच्या गटात टाकलं आहे. पण त्याचं मूळ चित्र काढणाऱ्या अत्सुको निशिदा यांनी आपल्या मनात खार होती असं मुलाखतीत सांगितलं आहे. अशा वेळी लिहायचं ‘कृंतक’. उंदीर आणि खार दोघेही त्याच मोठ्या घरातले, त्यामुळे उत्तर चुकत नाही. कोल्हा की लांडगा ठरत नसेल तर ‘श्वानकुळ’, गरुड की घार ठरत नसेल तर ‘शिकारी पक्षी’. जेवढा पुरावा, तेवढंच उत्तर.

पाय आणि पंख एकत्र मोजा. खऱ्या जगात पाठीचा कणा असलेल्या कोणत्याही प्राण्याला चारांहून जास्त हातपायांची ठेवण नाही. पक्ष्याचे पंख म्हणजे त्याचे पुढचे पायच. वटवाघळाचेही तसेच. पंखांच्या घोड्याला चार पाय आणि दोन पंख म्हणजे सहा होतात. शरभाच्या शैव वर्णनात तर आठ पाय येतात. मुलांना मोजायला लावा आणि ‘जोड’मध्ये आकडा लिहायला सांगा. शरीररचनेचा हा धडा पाठ्यपुस्तकापेक्षा लवकर डोक्यात शिरतो.

बाजूने कोरलेल्या शिल्पाबाबत घाई नको. बाजूने पाहिलं की दोन शिंगं एकावर एक येतात आणि एकच दिसतं. सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरचा एकशृंगी प्राणी एका शिंगाचा कल्पित प्राणी आहे की बाजूने दाखवलेला बैल, यावर अभ्यासकांत दोन मतं आहेत. म्हणून शिल्प समोरून, बाजूने आणि जमलं तर खालून पाहिल्याशिवाय पान पूर्ण करू नका.

नावावर विसंबू नका. खवल्या मांजर हे मांजर नाही. अंगावर खवले असले तरी ते सस्तन आहे, पिलांना दूध पाजतं. खऱ्या प्राण्यांची नावंही अशी फसवतात, मग कल्पिताच्या नावावर भरवसा ठेवून कसं चालेल? वटवाघूळ उडतं म्हणून पक्षी नव्हे आणि देवमासा पोहतो म्हणून मासा नव्हे, हेही याच पानावर समजावून सांगा.

काही प्राणी खरोखरच मिश्र असतात. ओडिशात सारळा दासांच्या महाभारतात नवगुंजर येतो. कोंबड्याचं डोकं, मोराची मान, बैलाचं वशिंड, सिंहाची कंबर, सापाची शेपूट, आणि चार अवयवांपैकी एक हत्तीचा, एक वाघाचा, एक हरणाचा किंवा घोड्याचा, तर एक माणसाचा हात. याला एकाच घरात कोंबू नका. ‘मिश्र’ लिहा आणि नऊही प्राण्यांची नावं ओळीने मांडा. मात्र हा रकाना आळसाने वापरू देऊ नका. पायांवरून धडपणे ठरत असताना मुलाने ‘मिश्र’ लिहिलं तर त्याला पुन्हा पायांकडे न्या.

कुठे पाहाल

सुरुवात गावापासूनच करा. अल्लीपुरात किंवा हिंगणघाट तालुक्यातल्या कुठल्याही गावात देवळाचं दार, जुन्या वाड्याची चौकट, रथ, पालखी, लाकडी नंदी, कॅलेंडरवरची चित्रं, शाळेच्या भिंतीवरची रंगवलेली जनावरं हे सगळं पहिल्या आठवड्याला पुरेसं आहे. त्याच आठवड्यात खऱ्या प्राण्यांची पानंही सुरू करा : बैल, शेळी, कुत्रा, मांजर, खार, पोपट, पाल, बेडूक. शेळीच्या खुराचं आणि कुत्र्याच्या पंजाचं चित्र समोर बघून काढलेलं असेल, तर व्यालाच्या पायाकडे पाहताना मूल गोंधळत नाही.

मग जिल्ह्यात आणि आसपास फिरा. पवनारला विनोबांच्या आश्रमात, तिथे खोदताना सापडलेली प्राचीन शिल्पं जपून ठेवली आहेत. नागपूरचं मध्यवर्ती संग्रहालय, म्हणजे आपला अजब बंगला, १८६३ सालचं. तिथे जुनी शिल्पं आणि पेंढा भरलेले प्राणी एकाच इमारतीत पाहायला मिळतात. आपल्या कामासाठी याहून सोयीची जागा जवळपास नाही. सहल काढायची असेल तर रामटेक, चंद्रपूरच्या वेशी, गडचिरोली जिल्ह्यातला मार्कंड्याचा मंदिरसमूह आणि गाविलगड यांतलं एकेक ठिकाण एकेका सुट्टीसाठी ठेवा. सेलूकडचं बोर अभयारण्य २०१४ साली व्याघ्र प्रकल्प झालं. तिथे वाघ दिसेलच असं नाही, पण वाटाड्याला माग दाखवायला सांगितलं तर मुलांना खऱ्या पंजाचा ठसा पाहता येईल.

काळजी घ्या

- शिल्पाची रेघ उठून दिसावी म्हणून त्यावर खडू, तेल, कुंकू किंवा पाणी लावू नका. दगडाची झीज वाढते. सकाळी किंवा सायंकाळी तिरपं ऊन असतं तेव्हा कोरीवकाम आपोआप उठून दिसतं.
- पूजेतल्या मूर्तीचं चित्र किंवा फोटो घेण्याआधी पुजाऱ्यांची किंवा देवस्थानाची परवानगी घ्या.
- माग पाहायला मुलांना एकट्याने वावरात पाठवू नका. रानडुक्कर पिलांसह असेल तर अंगावर येतं. सापाची चित्रं पुस्तकातून किंवा संग्रहालयातून काढा. पकडलेल्या सापाजवळ मुलांना नेऊ नका.
- मुलाने चुकीचं घर लिहिलं तर ते खोडू नका. त्याखाली तारीख टाकून नवं उत्तर आणि नवा पुरावा लिहायला सांगा. आपलं मत कशामुळे बदललं हे त्याला पुढे वाचता आलं पाहिजे.

महिनाभराचा बेत

पहिला आठवडा खऱ्या प्राण्यांच्या पायांचा. प्रत्येक मुलाने निदान सहा प्राण्यांचे पाय समोर पाहून काढावेत. दुसऱ्या आठवड्यात गावातले आणि गोष्टींतले कल्पित प्राणी गोळा करा, सहा रकाने भरा. तिसऱ्या आठवड्यात एखाद्या ठिकाणाची सहल. चौथ्या आठवड्यात वह्या अदलाबदल करा : एकाचं पान दुसऱ्याने फक्त ‘पुरावा’ रकाना वाचून तपासावं आणि घर बरोबर आहे का ते सांगावं. शेवटी घरनिहाय तक्ता करून शाळेच्या किंवा वाचनालयाच्या भिंतीवर लावा. मांजरकुळात किती, पक्ष्यांत किती, मिश्र किती हे दिसलं की मुलं आपणहून विचारू लागतात : सिंह आणि गरुड इतके, मग बेडूक का नाही? माशाचं अख्खं अंग एकाचंही का नाही? बळ, राज्य आणि पहारा यांची चिन्हं म्हणून माणसाने कोणते प्राणी निवडले, या मोठ्या विषयाचं दार त्या प्रश्नातून उघडतं.

या वहीतून मुलाला शे-दोनशे विचित्र नावं पाठ व्हावीत असा हेतू नाही. नीट पाहण्याची आणि पुराव्याशिवाय न बोलण्याची सवय त्याला लागावी, आणि ज्या वाघ, हत्ती, गिधाड, मगरीच्या आधारावर आपल्या पूर्वजांनी एवढं कल्पनाविश्व उभं केलं, त्या प्राण्यांविषयी त्याला आपुलकी वाटावी, हा हेतू आहे. गिधाडं आपल्या डोळ्यांदेखत कमी झाली. गिधाड न पाहिलेल्या पिढीला गृध्रव्याल कसा कळणार? म्हणून कल्पित प्राण्याचं प्रत्येक पान लिहून झालं की मुलाला शेवटचा एक प्रश्न विचारा : याचा खरा भाऊबंद आज आपल्या परिसरात आहे का, आणि नसेल तर का नाही? त्याचं उत्तर मुलासोबत शोधा आणि त्याच पानावर लिहून ठेवा.